चिलीतील द्राक्षप्रदेश: दहा दिवसांत काय पाहावे? सल्ला हवा आहे

निफाडकर_लेक: एप्रिलमध्ये कामानिमित्त सांतियागोला जाणार आहे. काम आटोपल्यावर वडिलांना तिथे बोलावून दहा दिवस वाइनचे प्रदेश पाहण्याचा विचार आहे. वडील स्वतः वाइन घेत नाहीत, परंतु तीस वर्षे द्राक्षबागायत करीत असल्यामुळे त्यांना चवीपेक्षा माती, पाणी आणि छाटणी यांतच अधिक रस आहे. उत्तरेकडील लिमारी खोऱ्यापासून सुरुवात करून दक्षिणेकडे इतातापर्यंत उतरावे, म्हणजे उष्ण प्रदेशापासून थंड प्रदेशापर्यंतचा सगळा बदल दिसेल, असा माझा बेत आहे. तो योग्य आहे का? कोणती खोरी निवडावीत?

अँडीजच्या_सावलीत: मी काही वर्षे सांतियागोत राहिलो आहे. आपला बेत बदलावा, असे मनापासून सुचवतो. लिमारी सांतियागोच्या उत्तरेला सुमारे ४०० किलोमीटरवर, तर इताता दक्षिणेला जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे, त्यामुळे आपले निम्मे दिवस महामार्गावरच जातील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चिलीच्या द्राक्षप्रदेशात हवामानाचा मोठा फरक उत्तर-दक्षिण जितका जाणवतो त्यापेक्षा पूर्व-पश्चिम अधिक जाणवतो. हा देश सुमारे ४,३०० किलोमीटर लांब असला तरी त्याची सरासरी रुंदी जेमतेम १८० किलोमीटर आहे, आणि एवढ्या अरुंद पट्ट्यात एका बाजूला हम्बोल्ट प्रवाहाने गार केलेला प्रशांत महासागर, मध्ये किनाऱ्यालगतची बुटकी डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूला अँडीज उभा आहे. लिमारी विषुववृत्ताला तुलनेने जवळ असूनही तिथली शार्दोने ही पांढरी वाइन ताजी आणि आंबटसर लागते, कारण समुद्रावरचे धुके सकाळी खोऱ्यात शिरते; म्हणजे उत्तर म्हणजे उष्ण हे गृहीतकच तिथे टिकत नाही. अलीकडे वाइनच्या लेबलवरही किनारा, दोन डोंगररांगांमधला प्रदेश आणि अँडीज अशी पूर्व-पश्चिम विभागणी छापण्याची कायदेशीर सोय झाली आहे.

म्हणून सांतियागोतच मुक्काम ठेवून आधी पश्चिमेला कासाब्लांका खोरे आणि मग पूर्वेला अँडीजच्या पायथ्याचे मायपो खोरे पाहावे. कासाब्लांका वाल्परायसोच्या वाटेवर आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वाइननिर्माते पाब्लो मोरांदे यांनी पांढऱ्या द्राक्षांची लागवड केली, तेव्हा तो भाग वाइनसाठी फार थंड समजला जात असे. दुपारपर्यंत रेंगाळणारे धुके आणि त्यानंतर वाहणारा समुद्री वारा यांमुळे घड सावकाश पिकतात आणि सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाणातला आंबटपणा टिकतो. मात्र या खोऱ्याला अँडीजच्या बर्फाचे पाणी मिळत नाही. सगळी भिस्त विहिरींवर आहे, आणि वसंतात कोवळ्या फुटींवर गोठलेल्या दहिवराचे संकट असते. आपल्या वडिलांना हे ऐकल्यावर नक्कीच पुष्कळ प्रश्न सुचतील.

निफाडकर_लेक: मनःपूर्वक आभार. वडिलांचा पहिला प्रश्न असा आहे, की तिथे डावणीचे (ओल्या पानांवर वाढणाऱ्या बुरशीच्या रोगाचे) काय करतात आणि छाटणी किती वेळा होते?

अँडीजच्या_सावलीत: मध्य चिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा जातो, त्यामुळे घड भरण्याच्या काळात पाने ओली राहत नाहीत आणि डावणीचा प्रश्न आपल्याकडच्यासारखा उग्र होत नाही, भुरीची (पांढऱ्या भुकटीसारख्या बुरशीची) काळजी मात्र घ्यावी लागते. नाशिककडे वेल पूर्णपणे झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहाराची, म्हणजे फळांसाठीची छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. चिलीच्या थंडीत वेल पाने गाळून विश्रांती घेतो आणि हिवाळ्यात एकदाच छाटला जातो.

कलमवाला: मी रोपवाटिकेच्या व्यवसायात आहे. एक गोष्ट वडिलांना आवर्जून दाखवावी, ती म्हणजे स्वतःच्या मुळांवर उभे असलेले जुने वेल. आपल्याकडे डॉगरिज या जातीच्या खुंटावर (मुळांचा भाग पुरवणाऱ्या दुसऱ्या वेलावर) कलम केल्याशिवाय बाग लावण्याचा कोणी विचार करीत नाही, परंतु चिलीत अनेक बागांना खुंटच नाही, कारण युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त करणारा फायलोक्सेरा हा मुळांवरील कीटक तिथे पोहोचलेला नाही. उत्तरेचे आताकामा वाळवंट, पूर्वेचा अँडीज आणि पश्चिमेचा समुद्र यांचा या संरक्षणात मोठा वाटा मानला जातो.

कारमेनेर हा वाण याच बागांमध्ये टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील बोर्दोहून आलेल्या काड्यांमध्ये तो मिसळलेला होता आणि दीर्घकाळ त्याला मर्लो हा दुसरा वाणच समजले गेले. १९९४ साली फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको यांनी मायपोतील एका बागेत तो ओळखला. बोर्दोच्या थंड, ओल्या वसंतात त्याची फळधारणा बिघडत असे, आणि फायलोक्सेरानंतर तिथे तो फारसा पुन्हा लावला गेला नाही. चिलीच्या लांबलेल्या कोरड्या शरदात (तिथे ऋतू आपल्या उलट असल्याने तो मार्च ते मे असतो) मात्र हा उशिरा पिकणारा वाण पूर्ण तयार होतो. एप्रिलअखेरीस गेलात तर त्याची पाने लालभडक झालेली दिसतील. त्यासाठी दोन दिवस सांतियागोच्या दक्षिणेकडील कोल्चाग्वा खोऱ्याला द्यावेत आणि मुक्काम तिथल्या सांताक्रूझ गावी करावा.

अँडीजच्या_सावलीत: कोल्चाग्वाबद्दल पूर्ण सहमत. मायपोसाठी गाडी नको. त्या खोऱ्यातील पिर्के गावाच्या बाजूला मेट्रोने बरेच जवळ जाता येते. तिथे नदीने आणलेल्या गोट्यांच्या निचऱ्याच्या जमिनी आणि रात्री डोंगरावरून उतरणारी गार हवा या दोन गोष्टींमुळे कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाइनची द्राक्षे इतकी चांगली येतात. पाटपाणी बर्फ वितळून येते, पण २०१० पासून लांबलेल्या दुष्काळामुळे त्याची चिंता वाढली आहे. ठिबकाचा विषय निघाला तर बागेतली माणसे मोकळेपणाने बोलतात.

निफाडकर_लेक: ठरले. कासाब्लांकाला दोन दिवस, मायपोला तीन, कोल्चाग्वाला तीन आणि उरलेले दोन दिवस सांतियागोत. वडील विचारत आहेत, की कारमेनेरची एखादी काडी आणता येईल का?

कलमवाला: कृपया आणू नये. परवानगी आणि विलगीकरणाशिवाय कोणतीही काडी आपल्या देशात आणता येत नाही. त्याचप्रमाणे चिलीत उतरताना फळे, बिया किंवा रोपे बरोबर असतील तर ती जाहीर करावी लागतात आणि तपासणी कडक असते. वडिलांचे बागेतले बूट निफाडहून निघण्यापूर्वीच स्वच्छ धुऊन, माती पूर्ण काढून भरावेत.