मदत हवी आहे: आउटडोअर फोटोग्राफी – ग्रुप क्लास लावू की एकटीने शिकू?

धुकं
परवापर्यंत नाव द्यायचं आहे, म्हणून जरा घाईत लिहितेय.

दोन पर्याय आहेत. एक, सहा जणांचा ग्रुप, चार रविवार पहाटे बाहेर. दुसरा, तेच सर एकेकट्याला शिकवतात, दोन तासांची दोन सत्रं. फी जवळजवळ सारखीच. व्हिडिओ भरपूर पाहून झालेत, कृपया ते सुचवू नका. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) हे सगळं समजतं. पण बाहेर गेल्यावर फोटो काही केल्या येत नाहीत. यातलं काय घेऊ? कोणी दोन्ही केलंय का?

रानवाट
कॅमेरा कोणता? लेन्स कोणती? आणि "फोटो येत नाहीत" म्हणजे नेमकं काय होतं? हलतात, काळे येतात, की नुसते मनाला पटत नाहीत? एकदोन फोटो इथे टाका, मग सांगता येईल.

टेकाड
माझं मत विचाराल तर दोन्ही नको. कॅमेरा मॅन्युअलवर (सगळी सेटिंग हाताने) टाका, एकच लेन्स ठेवा आणि महिनाभर रोज एकाच झाडाचे फोटो काढा. सकाळी, भर दुपारी, ढगाळ दिवसात. मी असाच शिकलो. क्लासमध्ये दुसऱ्याची नजर उसनी मिळते, आपली तयार होत नाही.

धुकं
@रानवाट कॅमेऱ्याचा इथे काय संबंध? क्लास कोणता लावू एवढंच विचारतेय.
@टेकाड रोज शक्य नाही. नोकरी आहे, फक्त रविवार मिळतो.

रानवाट
संबंध आहे ताई. फोटो हलत असतील तर त्याला क्लास नको, शटर स्पीड वाढवा, नाहीतर ट्रायपॉड घ्या. फ्रेम जमत नसेल तर ग्रुप बरा. सेटिंगमध्ये गोंधळ उडत असेल तर एकटीने शिका. दुखणं कळल्याशिवाय औषध कसं सांगणार?

कवडसा
मी ग्रुप केलाय. वैयक्तिक शिकवणी बहिणीने घेतली, तेव्हा मी तिची बॅग धरायला सोबत होते. म्हणून दोन्हीबद्दल सांगते.

पहाटेच्या ग्रुपची अडचण साधी आहे. चांगला उजेड फार तर वीस मिनिटं टिकतो. सहा जणांत सर वाटले गेले की तुमच्या वाट्याला तीनचार मिनिटं येतात. तेवढ्यात कोणाचा ट्रायपॉडचा पाय घसरतो, कोणाचं कार्ड भरतं, सर तिकडे धावतात. उजेड असताना ग्रुपमध्ये शिकणं जवळपास होतच नाही.

पण नंतर होतं, आणि ते फार मोलाचं असतं. आम्ही सगळे एकाच तळ्याकाठी उभे होतो. परत आल्यावर सरांनी सगळ्यांचे फोटो एकामागून एक लावले. बहुतेकांनी पाण्यातलं डोंगराचं प्रतिबिंब टिपलं होतं. एकीने मात्र गुडघ्यावर बसून, उजेडाकडे तोंड करून काठचं गवत घेतलं होतं. प्रत्येक पात्याच्या कडेला दवाची चकाकणारी रेघ. ते गवत आम्ही सगळ्यांनी तुडवत नेलं होतं. हे एकट्या शिकवणीत कधीच दिसलं नसतं.

बहिणीच्या वेळी वेगळंच. बाई अर्धा तास काही बोलल्याच नाहीत, तिच्या खांद्यामागे उभं राहून नुसते तिचे हात बघत होत्या. मग म्हणाल्या, "तू आधी ट्रायपॉड उभा करतेस आणि मग त्याच्या उंचीवरून काय दिसतं ते शोधतेस. कॅमेरा हातात धरून आधी फिर, वाक, बस. जागा ठरली की ट्रायपॉड तिथे आण." एवढ्या एका वाक्याने तिचे फोटो बदलले.

मधुमालती
छान लिहिलंत कवडसा! जाता जाता विचारते, पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) घेण्यात अर्थ आहे का? आकाश निळं येतं म्हणतात.

पाणकोंबडी
पक्षी काढायचे असतील तर शटर १/२००० च्या खाली आणू नका, फोकस कंटिन्युअसवर ठेवा आणि बर्स्ट वापरा. किट लेन्सने भागत नाही, निदान ३०० एमएम तरी हवी.

धुकं
पक्षी नाहीत, लँडस्केप!! बरं, तपशील देते. एपीएस-सी (मध्यम आकाराचा सेन्सर) मिररलेस कॅमेरा, १८-५५ लेन्स, ट्रायपॉड आहे. सूर्योदयाला जाते. आकाश नीट आलं तर जमीन काळी ठिक्कर, जमीन दिसली तर आकाश पांढरं फटक. आणि मॅन्युअलवर डायल फिरवेपर्यंत उजेड बदललेला असतो.

रानवाट
हे आधी सांगायचं ना! सूर्योदयाच्या सुमारास उजेड काही मिनिटांत दुप्पट होतो, तेव्हा मॅन्युअलचा हट्ट सोडा. ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवा, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/८, आयएसओ १००, कॅमेरा ट्रायपॉडवर. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख, डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं) चालू ठेवा. उजव्या भिंतीला चिकटला की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे करत जा, सुटेपर्यंत. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, जमीन नंतर उजळता येते. पांढरं झालेलं आकाश मात्र परत आणता येत नाही. फरक फारच मोठा असेल तर ब्रॅकेटिंग: -२, ०, +२ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) अशा तीन फ्रेम घेऊन नंतर जोडा.

फोकसचंही सांगतो. १८ एमएमला एफ/८ वर साधारण दोन मीटरवर फोकस केलात तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट येतं. त्यासाठी एफ/२२ ला जाऊ नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने) सगळंच मऊ होतं.

टेकाड
ॲपर्चर प्रायॉरिटीची सवय लागली की माणूस उजेड वाचायचं सोडून देतो. सनी सिक्स्टीनचा नियम पाठ करा: लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटर म्हणजे १ भागिले आयएसओ. मीटर नसला तरी चालतं. अमेरिकन लँडस्केप छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने आधी उजेड वाचला, मग बटण दाबलं.

रानवाट
लख्ख उन्हात! बाई सूर्योदयाचं विचारताहेत. आणि अ‍ॅडम्स व फ्रेड आर्चर यांची झोन सिस्टिम (उजेडाचे टप्पे पाडून एक्स्पोजर ठरवायची पद्धत) फिल्मची. निगेटिव्हला सावल्यांसाठी एक्स्पोज करायचं आणि प्रखर भाग डेव्हलपिंगमध्ये सांभाळायचा. डिजिटलला नेमकं उलटं, आधी प्रखर भाग वाचवायचा. तिथला नियम जसाच्या तसा इथे आणून कसं चालेल?

टेकाड
नियम नाही, सवय म्हणतोय. उजेड किती स्टॉपने बदलला हे डोळ्याला कळलं पाहिजे, हिस्टोग्राम बघून नाही. यावर मी ठाम आहे.

उत्तरायण
दोघांचंही मान्य, पण मूळ प्रश्न राहिला बाजूला.

@मधुमालती, सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशावर पोलरायझरचा परिणाम सर्वांत जास्त होतो. खूप वाइड लेन्सला त्यामुळे आकाशाचा एकच पट्टा गडद दिसतो. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी काढायला मात्र उत्तम. उजेड दीड-दोन स्टॉपने कमी होतो एवढं लक्षात ठेवा.

@धुकं, नाव देण्याआधी सरांना फोन करून विचारा. शिकवताना ते स्वतः फोटो काढतात का? काढत असतील तर ग्रुप नकोच, त्यांचं लक्ष त्यांच्या फ्रेममध्ये असणार. एका क्लासमध्ये हा अनुभव मी घेतलाय. दुसरं, फोटो एकत्र बसून बघण्याला वेगळा वेळ आहे का? कवडसांनी लिहिलंय ते खरं शिक्षण तिथेच होतं, आणि बऱ्याच ठिकाणी "फोटो ग्रुपवर टाका" म्हणून तेवढंच गुंडाळतात. तिसरं, पाऊस आला तर रविवार बुडतो की पुढे जातो? आणि एक वैयक्तिक सत्र आधी, मग ग्रुप असं जमतं का तेही विचारा. तुमची अडचण आत्ता हातांच्या वेगाची आहे. ती सुटली की ग्रुपमध्ये इतरांचे फोटो बघायला डोकं मोकळं राहील.

कवडसा
+१. क्रम हाच ठेवा. आधी ग्रुप घेतलात तर चारही रविवार डायलमध्ये जातील.

धुकं
बोलले सरांशी. शिकवताना ते कॅमेरा आणतच नाहीत. फोटो बघायला दुपारी दोन तास ठेवतात, पावसाचा रविवार पुढे ढकलतात. एक वैयक्तिक सत्र आणि पुढच्या ग्रुपचे दोन रविवार असं करून देतो म्हणाले. नाव दिलं! त्यांनी येताना फसलेले फोटो आणायला सांगितलेत, चांगले नकोत म्हणाले. माझे बरेचसे जेपीजी आहेत, चालतील का?

रानवाट
आहेत ते न्या, सेटिंगची माहिती फाइलमध्ये असतेच, सर त्यावरूनच बोलतील. त्याआधी एकदा पहाटे जाऊन रॉ + जेपीजीवर काढा, आणि तिथल्या तिथे काहीही डिलीट करू नका. एकाच फ्रेमचे ओळीने फसलेले पाचसहा दिसले की तुम्ही काय बदलत गेलात ते त्यांना कळेल.

टेकाड
आणि त्यातले निम्मे मॅन्युअलवर काढा.