मेरी रीडला मिशी लावावी का?

पमाची_आई: लेक सहावीत आहे, शाळेत फॅन्सी ड्रेस आहे आणि तिला झाशीची राणी नकोय, मेरी रीड व्हायचंय म्हणे. ती पुरुषाचा वेष घेऊन जहाजावर चाचेगिरी करायची आणि शेवटपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही, असं कुठेतरी वाचलंय तिने. खरंय का हे? आणि मग मिशी लावायची का?

दर्यावर्दी_७२: ताई, मी बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्या अनुभवावरून सांगतो, अशक्य. ऑगस्ट १७२० मध्ये चाच्यांचा म्होरक्या जॉन रॅकम, त्याच्या टोळीतली दुसरी बाई ॲन बॉनी आणि मेरी रीड यांनी बहामातल्या नॅसॉ बंदरातून 'विल्यम' नावाचं गलबत पळवलं, ते होतं जेमतेम १२ टनांचं, म्हणजे आपली बरी मच्छीमार होडी समजा, त्यात डझनभर माणसं, ना खोली ना संडास, लपणार कुठे सांगा?

जुने_कागद: आणि लपल्याच नव्हत्या. ५ सप्टेंबर १७२० ला गव्हर्नर वुड्स रॉजर्सने जाहीरनामा काढला त्यात दोघींची नावं बायका म्हणूनच आहेत, गलबत पळवून जेमतेम दोन आठवडे झाले होते. मेरीला लहानपणी आजीच्या पैशासाठी मुलगा म्हणून वाढवलं, मग ती फ्लँडर्सला सैन्यात गेली, ही सगळी स्टोरी १७२४ च्या चाच्यांवरच्या पुस्तकातली, पकडल्यावर यांच्यावर जो खटला चालला त्यात त्यातलं काही नाही. खटल्यात दोन फ्रेंच साक्षीदार सांगतात की समोर जहाज दिसलं, पाठलाग करायचा असला की ह्या पुरुषी कपडे घालायच्या, एरवी बायकांचेच. म्हणजे वेषांतर वगैरे काही नाही हो, कामाचे कपडे! शेतात जाताना आपल्या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात ना, तसं.

सरखेल_फॅन: त्याच काळात इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही पायरेटच म्हणत होते, तेव्हा लेबलवर जाऊ नका.

जुने_कागद: @सरखेल_फॅन कान्होजींकडे आरमार होतं, किल्ले होते, हा रॅकम कोळ्यांच्या सात होड्या लुटून खूश होणारा माणूस, कशाला तुलना करताय.

पमाची_आई: बरं पण ड्रेसचं काय?? शुक्रवारी आहे.

जुने_कागद: ड्रेस तर कोर्टाच्या कागदातच आहे 🙂 डॉरथी थॉमस नावाची बाई होडीतून सामान नेत होती, तिला यांनी लुटलं. तिने साक्ष दिली की दोघींच्या अंगात पुरुषी जाकीट, लांब पँट, डोक्याला रुमाल, हातात कोयता आणि पिस्तूल. आणि तिला कळलं कसं की बायका आहेत? छातीवरून. ह्या दोघी वर पुरुषांना शिव्या घालून सांगत होत्या की हिला मारून टाका, उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल. दिलीच की तिने!

दर्यावर्दी_७२: शेवट मात्र पोरीला जरा सांभाळून सांगा. रॅकमला १८ नोव्हेंबरला फाशी झाली, दहा दिवसांनी जमैकात यांचा खटला, यांनाही फाशीच, पण दोघींनी सांगितलं आम्ही पोटुशी आहोत म्हणून ती लांबली. मेरी तुरुंगातच वारली, एप्रिल १७२१ मध्ये तिला पुरल्याची नोंद आहे. ॲनचं पुढे काय झालं याचा पक्का कागदच नाही.

पमाची_आई: थँक्यू सगळ्यांना. रुमाल आहे, जाकीट भावाचं, कोयता पुठ्ठ्याचा करते. मिशी नको सांगितलं तर रडारड झाली, आता म्हणते रॅकम होते.