मदत हवी आहे: पार्ट बदलून झाले, चेक इंजिनचा दिवा परत लागतोच आहे. गॅरेजवाल्याशी आता काय बोलू?

नमस्कार मंडळी,

गाडी पेट्रोलची, वॉरंटी संपलेली. म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न नेता एका स्वतंत्र गॅरेजमध्ये टाकली. सिग्नलला उभी असताना इंजिन थरथरायचं, आयडल (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) वरखाली व्हायचं आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला असायचा. स्कॅनरवर कोड आला पी ०१७१, म्हणजे मिश्रण लीन: हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मेकॅनिकने कोड वाचला आणि तिथल्या तिथे सांगितलं, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय." सेन्सर बदलला, कोड पुसला, दिवा विझला, मी बिल भरून गाडी घेऊन आले.

थोड्याच दिवसांत दिवा परत. या खेपेला निदान निघालं फ्युएल पंपाचं. गेज लावून प्रेशर मोजलं का, असं विचारलं तर "अनुभवावरून कळतं" एवढंच उत्तर मिळालं. पंपही बदलला. थरथर तशीच, कोड तोच. आता त्याचं म्हणणं आहे की एमएएफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदलून बघू. बघायचं त्याने आणि पैसे भरायचे मी, हे मला अजिबात पटत नाही.

तपासणी न करता एकामागून एक पार्ट बदलले, हीच माझी मुख्य तक्रार आहे. नंतर वाचून जे समजलं ते लिहिते, चुकत असेल तर जाणकारांनी सांगावं. पी ०१७१ हा कोड कुठला पार्ट खराब आहे ते सांगत नाही. पेट्रोल इंजिनात पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टवरून मिश्रण ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) त्यानुसार पेट्रोल कमीजास्त करतो. या कमीजास्त करण्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. पेट्रोल वाढवण्याची ही भरपाई ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की हा कोड येतो. सेन्सर स्वतः बिघडू शकतो, हे मान्य. पण बऱ्याचदा तो खरंच सांगत असतो, आणि इथे तर तक्रार करणाऱ्यालाच सगळ्यात आधी काढून टाकलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. कोड नोंदला जातो त्या क्षणाचं इंजिनाचं तापमान, आरपीएम, लोड, फ्युएल ट्रिम असं सगळं फ्रीझ फ्रेम नावाच्या नोंदीत साठतं. कोड पुसला की तेही जातं. त्याने एकदाही ते बघितलं नाही, लिहून ठेवलं नाही. शिवाय पुसल्यानंतर दिवा लगेच लागत नाही. हा दोष साधारणपणे गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळावा लागतो, मग दिवा पेटतो. म्हणजे गाडी ताब्यात देताना दिवा बंद होता, यावरून काम झालं असं म्हणताच येत नाही.

शेवटी मी ब्लूटूथवर चालणारा ओबीडी स्कॅनर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले कोड आणि आकडे दाखवणारा) घेतला. इंजिन गरम झाल्यावर आयडलला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कायम धरून ठेवलेली भरपाई; शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची) +२० टक्क्यांच्या आसपास दिसतं. २५०० आरपीएमवर धरून ठेवलं की शॉर्ट आणि लाँग मिळून ५ टक्क्यांच्या आत येतं. एमएएफ असलेल्या इंजिनात असं दिसलं तर एमएएफ आणि इंजिन यांच्यामध्ये कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत असण्याची शक्यता मोठी, असं वाचलं. आयडलला एकूण हवाच थोडी, म्हणून गळतीचा वाटा मोठा. आरपीएम वाढले की तीच गळती नगण्य ठरते. पंप कमकुवत असता तर उलट लोडवर ट्रिम वाढायला हवं होतं.

तर माझे प्रश्न. इनटेकची (हवा आत जाण्याच्या मार्गाची) स्मोक टेस्ट, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधणं, करून घ्यायची, हे बरोबर आहे ना? मॅनिफोल्डचं गास्केट, पीसीव्हीचा (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा (ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या भागाचा) पाइप, एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप, याशिवाय आणखी कुठे बघायला सांगू? आणि ही तपासणी त्याच्याचकडे करून घ्यावी, की दुसरीकडे करून लेखी अहवाल घेऊन त्याच्याकडे जावं? माणूस बोलायला वाईट नाही, त्यामुळे भांडण न करता मार्ग निघाला तर मला हवाच आहे.

भर: खाली दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. जुने पार्ट मला मिळालेले नाहीत, मागितले तेव्हा "भंगारात गेले" असं सांगितलं. बिलावर पार्टची कंपनी किंवा नंबर नाही, फक्त "सेन्सर" आणि "पंप". ब्रेक पेडल कडक लागत नाही. बॉनेट उघडलं की आयडलला मागच्या बाजूने बारीक फुसफुस ऐकू येते, मात्र हात घालून बघायला तिथे जागा नाही. त्या आवाजाचा व्हिडिओ काढून ठेवलाय.

एमएएफ बदलायला मी नकार कळवलाय. स्मोक टेस्टमध्ये गळती सापडली, तर आधीच्या दोन्ही पार्टचे पैसे मागणं रास्त ठरेल, की निदान मजुरी तरी परत मागावी? असा प्रसंग ज्यांच्यावर आलाय त्यांनी गॅरेजवाल्यापुढे नेमकं काय मांडलं, ते कृपया लिहा.