मदत हवी आहे: १९७३च्या २४०झेडवरचा स्मॉग पंप ठेवू की काढू?

झेडवाली (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

या विभागात बहुतेक धागे मायलेज नाहीतर ईव्हीचे असतात, त्यामुळे हा थोडा आडवाटेचा वाटेल. पण जुन्या इंजिनांत हात काळे केलेली माणसं इथे आहेत, म्हणून विचारते.

माझ्याकडे १९७३ची डॅटसन २४०झेड आहे. सहा सिलिंडरचं २.४ लिटर एल२४ इंजिन, चार गिअर, मूळची दोन हिताची फ्लॅट-टॉप कार्ब्युरेटर. आधीच्या मालकांनी गाडीला फारसा हात लावला नाही, त्यामुळे एमिशनचं सगळं सामान अजून जागेवर आहे. बेल्टवर फिरणारा एअर पंप (हाच स्मॉग पंप), एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये शिरणारे सहा बारीक पाइप, अँटी-बॅकफायर व्हॉल्व्ह, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), पीसीव्ही, आणि मागे पेट्रोलच्या वाफेची छोटी टाकी. बॉनेट उघडलं की नुसतं नळ्यांचं जंगल.

तक्रारी अशा. इंजिन तापलं की आयडलिंग टिकत नाही, ७००वर येतं, मग आपलं आपण ११००पर्यंत चढतं, परत खाली. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की मागून फटाके वाजतात. आणि आत पेट्रोलचा वास येतो, इतका की ऑफिसात पोचल्यावरही ओढणीला येत असतो.

माझा मेकॅनिक सत्तरीच्या पुढचा आहे, हयात झेड गाड्यांत गेलेली. त्याचं म्हणणं, हे सगळं भंगार उपटून टाक, भोकं बंद कर, १९७२पर्यंतच्या गाड्यांवरची राउंड-टॉप कार्ब्युरेटर बसव, गाडी सुसाट पळेल. माणूस जाणता आहे, पण सगळ्या दुखण्यांना एकच औषध सांगणाऱ्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही.

कायद्याचं मला कळलं ते एवढंच: इथे स्मॉग चेक (गाडीच्या धुराची सक्तीची तपासणी) १९७६ आणि त्यापुढच्या मॉडेलना लागतो, माझ्या गाडीला नाही. पण वाहन कायद्याच्या कलम २७१५६नुसार कंपनीने बसवलेलं प्रदूषण नियंत्रणाचं सामान काढून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि त्यात जुन्या गाड्यांना माफी नाही. म्हणजे तपासायला कोणी येणार नाही, पण मुभाही नाही. शिवाय यातले बरेच पार्ट आता नवे मिळत नाहीत. एकदा गेले की गेले.

तर, या तक्रारी खरंच या सामानामुळे आहेत का? असतील तर सगळं काढायचं की त्यातलं एखादं? आणि काढून ताकद किती वाढते? "फोटो टाका" म्हणणाऱ्यांसाठी: टाकते, आधी उत्तरं द्या :)

कोथरूडकर

तुमच्याकडे निदान नळी घालून मोजतात तरी. आमच्या कोपऱ्यावरचा पीयूसीवाला नंबर प्लेटचा फोटो काढतो, पैसे घेतो, कागद देतो. गाडी बंदच असते. बाकी मला एल२४ आणि एलपीजीतला फरक कळत नाही, पण धागा वाचतोय.

आणि फोटो टाका.

तेलकट_हात (लॉस एंजेलिस)

काढा. माझ्या १९७४च्या २६०झेडचा पंप मी घ्यायच्या आधीच कोणीतरी काढला होता. बॉनेटखाली हात घालायला जागा मिळते, वजन कमी, एक बेल्ट कमी. पंप फिरवायला थोडी ताकद जातेच. म्हातारे पंप किंचाळतात तो त्रास वेगळा. आजवर एका पोलिसाने बॉनेट उघडायला सांगितलेलं नाही. वर्षाला हजार मैलसुद्धा न पळणाऱ्या गाडीसाठी एवढा जीव कशाला जाळायचा?

गॅरेजकाका (सॅक्रामेंटो, मूळ पुणे)

झेडवाली ताई, जरा थांबा. मी पुण्यात इंजिन टेस्टिंगमध्ये नोकरी केली, आता लेकीकडे असतो. "एमिशनचं सामान" म्हणून लोक पाच वेगवेगळ्या वस्तू एकाच तागडीत टाकतात आणि तिथेच फसतात. एकेक घेऊ.

पीसीव्हीला हात लावू नका. पिस्टन रिंगांच्या फटीतून जो धूर खाली चेंबरमध्ये उतरतो तो ओढून परत जाळायचं काम ती करते. कॅलिफोर्नियातल्या गाड्यांना ती १९६१पासून आहे. काढून उघडा ब्रीदर ठेवलात तर तेल लवकर खराब होईल, सील गळायला लागतील आणि बॉनेटखाली तेलकट वाफ. व्हॉल्व्ह स्वस्त मिळतो, नवाच टाका.

वासाचा आणि पंपाचा काडीचा संबंध नाही. डिकीत उजव्या बाजूचं प्लास्टिकचं पॅनल काढा, आत वाफेची टाकी दिसेल आणि तिला जोडलेल्या रबरी नळ्या. पन्नास वर्षांच्या नळ्या बोटाने दाबल्या की तडकतात, त्यात इथलं पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचं, जुन्या रबराला ते मानवत नाही. सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. पण टाकी काढून नळ्यांना बूच मारू नका, वाफेला वाट लागतेच.

दुसरं, मागच्या दाराचं रबर. या गाडीच्या आकारामुळे पळताना शेपटाकडे हवेचा दाब कमी होतो आणि ती स्वतःचाच धूर आत ओढते. साधा कागद दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटला तर तिथलं रबर मेलं. टेललाइटांच्या मागची गॅस्केटंही बघा, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

आता पंप. सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या वायूत अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड असतो. पंप एक्झॉस्ट पोर्टापाशीच ताजी हवा सोडतो, उष्णता तिथे असतेच, उरलेलं तिथल्या तिथे जळतं. इंजिन पेट्रोल कसं घेतं यात पंप पडतच नाही. तो काढून तुमचं आयडलिंग सुधारलं तर ते पंपामुळे नव्हे, त्याच्यासोबत अँटी-बॅकफायर व्हॉल्व्ह निघाला म्हणून.

आणि माझा संशय त्या व्हॉल्व्हवरच आहे. अॅक्सिलरेटर झटकन सोडला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम वाढतो, भिंतींवरचं ओलं पेट्रोल उडून मिश्रण एकदम गडद, म्हणजे पेट्रोल जास्त, होतं. ते न जळता एक्झॉस्टमध्ये गेलं आणि तिथे पंपाची हवा मिळाली की फटाका. हे होऊ नये म्हणून तो व्हॉल्व्ह क्षणभर इनटेकमध्ये हवा सोडतो. त्याचा पडदा फाटला की दुहेरी ताप: हवी तेव्हा हवा देत नाही, नको तेव्हा आयडलला गळत राहतो. तुमची दोन्ही लक्षणं यात बसतात.

परीक्षा सोपी आहे. इंजिन तापवा, आयडल वरखाली व्हायला लागलं की व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला जाणारी जाड नळी चिंधी गुंडाळून पकडीने दाबा. आयडल स्थिर झालं तर चोर सापडला.

मग चेक व्हॉल्व्ह, पंपाची हवा एकाच दिशेने जाऊ देणारा. पंपाची नळी त्याच्यावरून काढा, गाडी चालू करा, तोंडापाशी हात धरा, पण टेकवू नका. फक-फक असा गरम धूर आला तर तो व्हॉल्व्ह गेला. तो धूर उलटा पंपात जातो, नळ्या भाजतात आणि पंपाची वाट लागते. तेलकट_हात म्हणतात ते किंचाळणारे पंप बरेचदा असेच मेलेले असतात.

ईजीआर १९७३ला आला, कारण त्याच वर्षापासून नॉक्सची (नायट्रोजन ऑक्साइडची) फेडरल मर्यादा लागू झाली, मैलाला ३ ग्रॅम. तो आयडलला बंद आणि पूर्ण अॅक्सिलरेटरलाही बंद असतो, म्हणजे काढून वरची ताकद शून्य वाढते. कार्बन अडकून उघडा राहिला तर मात्र आयडल बिघडवतो. खोलून साफ करा.

कार्ब्युरेटरचा विषय पूर्ण वेगळा ठेवा. फ्लॅट-टॉपचं ट्यूनिंग किचकट आहे हे खरं, पण एकाच वेळी पंप, व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटर सगळं बदललंत तर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आणि ट्यूनिंग करणाऱ्याने सायलेन्सरमध्ये मीटर लावला तर पंपाची नळी काढून, चेक व्हॉल्व्हचं तोंड बंद करून मोजायला सांगा. पंपाची जादा हवा मिसळली की मिश्रण आहे त्यापेक्षा पातळ दिसतं. मग माणूस ते आणखी गडद करतो आणि खापर पंपावर.

निळं_आकाश

काका, मस्त समजावलंत. तेलकट_हात यांच्या हजार मैलांबद्दल थोडं. १९७३च्या गाडीला कायद्यानेच मैलाला ३.४ ग्रॅम हायड्रोकार्बन आणि ३ ग्रॅम नॉक्स सोडायची मुभा होती. आजच्या टियर ३ या फेडरल धुराच्या नियमात २०२५च्या मॉडेलांची दोन्ही मिळून सरासरी मैलाला ०.०३ ग्रॅम आहे. म्हणजे तुमचे हजार मैल हे नव्या गाडीचे दोन लाख मैल, आणि तेही सगळं सामान धडधाकट असेल तर. तुम्ही तर लॉस एंजेलिसला राहता. गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नॉक्स उन्हात शिजून स्मॉग होतो हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी १९५०च्या सुमारास तुमच्याच गावच्या हवेवर दाखवलं.

तेलकट_हात

मान्य, आकडा बोचला. पण माझ्या गाडीवर पंप नव्हताच, आता आणू कुठून? भंगारवाल्यांकडे मिळतो तो जाम झालेला, आणि किंमत सांगतात सोन्याची. बाकी "सगळं काढा"वरून "पीसीव्ही आणि वाफेची टाकी सोडून काढा" इथपर्यंत मी आलोय. त्यापुढे येत नाही.

झेडवाली

काका, काय बोलू! शनिवारी नवऱ्याला टॅकोमीटरसमोर बसवलं आणि मी पकडीने नळी दाबली. आयडल ७५०वर येऊन खिळलं. सोडली की परत नाचायला लागलं. तो म्हणे "परत कर", मग आम्ही खेळतच बसलो. चेक व्हॉल्व्हमधूनही धूर येतोय, पंपाकडची नळी आतून चुरचुरीत काळी झाली आहे. कागद मागच्या दाराच्या डाव्या कोपऱ्यातून अलगद निसटला. पॅनलमागची एक नळी माझ्या हातातच तुटली.

मेकॅनिकला सांगितलं. तो खांदे उडवून म्हणाला, "गाडी तुझी, पैसे तुझे." पण अँटी-बॅकफायर व्हॉल्व्हचा वापरलेला चांगला पीस त्यानेच कपाटातून काढून दिला, म्हणजे पंधरा मिनिटं आधी ज्याला भंगार म्हणत होता तेच त्याने जपून ठेवलेलं होतं.

आता क्रम असा ठरवलाय: आधी नळ्या आणि रबर, मग दोन्ही व्हॉल्व्ह, मग ईजीआरची सफाई. पंप राहतोय. कार्ब्युरेटरचं पावसाळ्यानंतर बघू, म्हणजे इथल्या एप्रिलमध्ये.

एक उपप्रश्न. ऑफिसातल्या एकाकडे १९७८ची २८०झेड आहे, तिला स्मॉग चेक लागतो. त्याला कुणीतरी सांगितलं की जुन्या गाड्यांना माफी मिळणार आहे, तोवर थांब. खरं का?

गॅरेजकाका

थांबून उपयोग नाही. पूर्वी इथे तीस वर्षं झाली की गाडी आपोआप सुटायची. २००४च्या कायद्याने ते बंद केलं आणि रेषा १९७६वर गोठली, म्हणून तुमची सुटते आणि त्याची नाही. २०२५मध्ये पस्तीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी एसबी ७१२ विधेयक आलं होतं, टीव्हीवरचे विनोदवीर आणि जुन्या गाड्यांचे शौकीन जे लेनो यांनी पाठिंबा दिला म्हणून ते गाजलं, पण ते ऑगस्टमध्ये समितीतच अडकलं.

मात्र एक वाट आहे. गाडी निदान पस्तीस वर्षं जुनी आणि कलेक्टर विमा (हौसेने जपलेल्या गाडीचा विमा) असेल तर स्मॉग रेफरीकडे, म्हणजे अडलेल्या गाड्या तपासणाऱ्या सरकारमान्य केंद्राकडे, नेता येते. तिथे टेलपाइपची चाचणी पास व्हावी लागते, पेट्रोलचं झाकण नीट लागतं, कुठे पेट्रोल गळत नाही हे बघतात. बॉनेटखालचं सामान मोजत बसत नाहीत. पण त्या वर्षाच्या मर्यादेत टेलपाइपचा धूर बसवायचा तर सामान चालू असलेलंच बरं.

तेलकट_हात

झेडवाली, चेक व्हॉल्व्ह खोलताना जपा. तो गॅलरीच्या (त्या सहा पाइपांना हवा वाटणाऱ्या) पाइपात आट्यांनी बसतो आणि इतक्या वर्षांत गंजून एकजीव झालेला असतो. नुसता पाना लावून फिरवलात तर व्हॉल्व्ह जागेवर आणि पाइप पिळवटून येईल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, एका पान्याने खालचा षटकोन घट्ट धरा, दुसऱ्याने व्हॉल्व्ह सोडवा. तरी नाही हलला तर इंजिन थोडं गरम करून परत. आणि ते सहा पाइप मॅनिफोल्डमधून काढायच्या भानगडीत अजिबात पडू नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच गॅस्केटवर आहेत. झटापटीत एखादा स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला की दोन्ही मॅनिफोल्ड खाली.

झेडवाली

काढा म्हणणाऱ्याकडूनच हा सल्ला मिळाला, हे विशेष. तेल आणायला निघाले. फोटो रात्री टाकते, कोथरूडकर.