१९९६ ची बुलेटप्रूफ अँबॅसिडर: चिलखत काढू की ठेवू?

कळव्याची_लेक
नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू?

माझ्याकडे १९९६ ची अँबॅसिडर १८०० आयएसझेड आहे, इसुझूच्या पेट्रोल इंजिनाची. मूळची सरकारी, बुलेटप्रूफ. २००९ मध्ये खात्याच्या लिलावात भंगाराच्या भावात निघाली, एका गॅरेजवाल्यांनी घेतली आणि मग भिवंडीच्या गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली. गेल्या दिवाळीत मी घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आहे.

बाबांनी बावीस वर्षं सरकारी गाड्या चालवल्या, त्यातली शेवटची नऊ अशाच बुलेटप्रूफ अँबॅसिडरवर. ही तीच गाडी नाही, पण तशीच: पांढरी, मागे पडदे. आम्हा पोरांना त्या गाडीत बसायला कधीच मिळालं नाही. एकदा कोपरी पुलाजवळ ताफा जाताना दिसला. आईने हात केला. बाबांनी मान वळवली नाही, ड्युटीवर होते. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

आता गाडीची तब्येत. भिवंडीच्या वजनकाट्यावर १,८६० किलो भरली. साधी अँबॅसिडर साडेअकराशेच्या आसपास असते, म्हणजे सातशे किलो नुसतं चिलखत आणि काचा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खाली बसतं, उचलून लावावं लागतं. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, सरळ झालेत. पुढच्या काचेच्या कडा दुधाळ पडल्यात आणि नेमका ड्रायव्हरच्या नजरेसमोर तळहाताएवढा फुगा आलाय. गायमुखच्या उतारावर ब्रेक इतके तापले की पेडल खाली जायला लागलं. कडेला घेऊन अर्धा तास थांबलो. बाबा शेजारी होते, अगदी शांत. म्हणाले, "या गाडीला ब्रेक आधी मनात लावायचा, मग पायाने."

एका गॅरेजने सांगितलंय, गॅस कटरने सगळे पत्रे कापून काढतो, गाडी फुलासारखी हलकी होईल, ४५ हजार द्या. मन तयार होत नाही. पण मनाचं ऐकून बाबांना धोक्याच्या गाडीत बसवणंही पटत नाही. तुम्ही काय कराल?

वागळे_पत्रावाला
ताई, पहिलं काम, त्या गॅस कटरवाल्याला नाही म्हणून सांगा.

चिलखती पत्रा पाणी देऊन कडक केलेला असतो. त्याला ज्योत लागली की तेवढा भाग मऊ पडतो, म्हणजे तो पत्रा परत बसवून काही उपयोग नाही. आणि खरं नुकसान वेगळंच. अँबॅसिडरला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसते, बॉडी हीच तिची चासी. दारांखालच्या पट्ट्या आणि फ्लोअर सगळा भार उचलतात. ज्योतीने तिथला जुना साधा पत्रा वाकला तर गाडी कायमची पिळली जाईल.

आता एक चाचणी करा, पैसे लागत नाहीत. चारही दारं बंद करून दार आणि खांबामधली फट मोजा. मग दाराखालच्या पट्टीला लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावा, चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला आणि तीच फट परत मोजा. फट बदलली तर पट्टी आतून गेली असं समजा. टॉर्शन बार (पुढच्या चाकांना स्प्रिंगचं काम करणारा लांब दांडा) मागे जिथे अडकतो तो आडवा बारही टोकदार हातोडीने ठोकून बघा. तिथे भसकन आत गेलं तर गाडी चालवूच नका.

गंज कुठे लपतो तेही सांगतो. बाहेरचा पत्रा आणि चिलखत यांच्यामध्ये बोटभर जागा असते. पावसाचं पाणी तिथे उतरतं, दाराच्या तळाची भोकं मातीने बुजलेली असतात, मग पाणी वर्षानुवर्षं बसून राहतं. खाडीकाठच्या हवेत तर विचारूच नका. पत्रे बोल्टचे आहेत की वेल्ड केलेले, ते बघून फोटो टाका. दार काढताना खालून जॅकचा आधार द्या, नुसत्या हातांवर घेऊ नका. आमच्याकडे एकाची बोटं अशाच दारात गेली होती.

वाशीकर_४३
कागदांचं बोलतो. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन किती लिहिलंय ते आजच बघा. साधं वजन असेल आणि काट्यावर १,८६० भरत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो. गाडीतला बदल आरसीवर नोंदलेला हवा. चिलखत ठेवा नाहीतर काढा, आरटीओत लेखी अर्ज करून नोंद करून घ्या आणि तेच विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर हे निघालं तर दावा अडकतो.

काचांमधून पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. जाड बुलेटप्रूफ काच हिरवट असते, मोजून घ्या. पडदे आवडले तरी रस्त्यावर नकोत. लाल दिवा तर मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही गेला, हौस म्हणूनही बसवू नका.

व्हिंटेज नोंदणीचा विचार सध्या सोडा, त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात. तुमची गाडी २००९ मध्येच सरकारी नावावरून सुटली हे नशीब. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या बहुतेक सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवत नाहीत, त्या थेट स्क्रॅपला जातात. अशी गाडी यापुढे लिलावातून मिळणं अवघड आहे.

नेरुळ_मस्कत
मस्कतमध्ये अकरा वर्षं चिलखती मर्सिडीजच्या वर्कशॉपमध्ये होतो. कारखान्यातूनच चिलखती निघणारी गाडी त्या वजनासाठीच बांधलेली असते. ब्रेक, स्प्रिंग, बिजागऱ्या, सगळं मोठं. तुमच्या गाडीला पत्रे नंतर चढवलेत, पण खालचे अवयव बहुधा जुनेच ठेवलेत. म्हणून ती दमते. तिचा दोष नाही.

काचेचा फुगा दुरुस्त होत नाही. काच आणि पॉलिकार्बोनेट यांचे थर चिकटवलेले असतात, ऊन आणि ओल यांनी ते कडेपासून सुटत जातात. काच बदलावीच लागेल. बाकीच्या काचांना सावलीत ठेवा. आतला थर प्लास्टिकचा असतो, त्यावर अमोनियाचं क्लीनर किंवा थिनर लावू नका. मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरे.

आणि हे मनावर घ्या, ताई. या गाडीच्या खिडक्या उघडत नसतील तर आत आग लागल्यावर काच फोडून बाहेर येता येत नाही. जुनं वायरिंग आधी बदला. अग्निशामक सीटखाली ठेवा. गाडी चालताना दारं आतून लॉक करू नका. बाबांच्या बाजूचं दार त्यांना एकट्याला उघडता येतं का, ते रोज बघा.

कळव्याची_लेक
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा.

वागळेच्या दादांनी सांगितलेली चाचणी केली. उजवीकडे फट बदलली नाही. डावीकडे पुढच्या दाराची फट चार मिलिमीटरने मिटली. पट्टी उघडली तर आत लाल माती आणि पापुद्रे. टॉर्शन बारचा आडवा बार मात्र शाबूत आहे. दारांमधले पत्रे बोल्टचे निघाले, फ्लोअरचे वेल्ड केलेले.

तर ठरलं असं. चिलखत राहणार. दारांचे पत्रे बोल्ट खोलून काढले, प्रत्येकावर खडूने जागा लिहिली, आता घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभे आहेत. डावी पट्टी नवीन होतेय. ब्रेकचं सगळं नवीन होऊन, पाटे बसून, परत वजनकाट्यावर नेल्याशिवाय पत्रे आत जाणार नाहीत. तोवर गाडी फक्त गल्लीत. वायरिंगवाला सोमवारी येतोय. आरसीवर साधंच वजन निघालं, वाशीकर, त्यामुळे अर्ज दिलाय.

नेरुळच्या काकांचं वाचून बाबांना मागच्या सीटवर बसवलं आणि दार उघडायला सांगितलं. पहिल्या वेळी जमलं नाही. बाबा म्हणाले, "मी यात मागे कधी बसलोच नाही गं." मग खांदा लावून कसं ढकलायचं ते त्यांनी स्वतःच शोधून काढलं. तिसऱ्या वेळी जमलं. पत्रे परत चढल्यावर पुन्हा बघणार आहे.

आता पाट्यांचं सांगा. एक जास्तीचा पाटा चढवू की सगळा संच जाड करून घेऊ? ठाणे-भिवंडी पट्ट्यात मापाने पाटे घडवून देणारं कुणी असेल तर कळवा.