विदर्भात कोळशाचे आणखी संच हवेत कशाला?

संत्र्याची_फोड (धागाकर्ता):
टपरीवर सुरू झालेला वाद अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशावर वीज तयार करणारे ६६० मेगावॅटचे तीन संच आधीच आहेत, आणखी दोन उभारायचं चाललंय. माझा विरोध आहे.

आपल्या एकट्या नागपूर जिल्ह्याचा हिशोब करा. कोराडीचे ते तीन मिळून १९८०, खापरखेडा १३४०, मौदा २३२०. झाले ५६४० मेगावॅट. शेजारी चंद्रपूर २९२०, तिरोडा ३३००. एवढी वीज विदर्भ वापरतो का? नाही. ती तारेवरून पश्चिमेला जाते. राख मात्र इथेच राहते.

६६०चा एक संच पूर्ण भाराने चालला तर तासाला ६ लाख ६० हजार युनिट देतो. युनिटमागे साधारण ६५० ग्रॅम देशी कोळसा धरला तर दिवसाला दहा हजार टन, म्हणजे अडीच मालगाड्या. त्यातला तिसरा हिस्सा राख. एका संचाची, एका दिवसाची!

आमच्या गच्चीवरून एक चिमणी दिसते, कोणाची ते लिहीत नाही. आई तुळशीला पाणी घालण्याआधी पानं फडक्यानं पुसते. कुरड्या-सरगुंडे गच्चीवर वाळत घालणं तिनं केव्हाच सोडलं, आता घरात पंख्याखाली वाळवते.

शिफ्ट_तिसरी:
भाऊ, मी संचाच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं काढली, नुकताच निवृत्त झालो. राखेचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ‘संच कशाला’ याचं उत्तर दुपारी सापडत नाही, संध्याकाळी साडेसहाला सापडतं.

मे महिन्यात भर दुपारी सौर वीज भरपूर असते. कोणत्या संचानं किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या भार प्रेषण केंद्रातून फोन येतो, लोड उतरवा, म्हणजे वीज कमी करा. उतरवायचा म्हणजे ५५ टक्क्यांपर्यंत. त्याखाली भट्टीतली ज्योत डगमगायला लागते, तेल जाळून धरून ठेवावी लागते. मग ऊन कलतं. पॅनेल शून्यावर, पण नागपूरच्या भिंती तापलेल्याच, त्यामुळे कूलर-एसी कोणी बंद करत नाही आणि वरून घरोघरी दिवे लागतात. दुपारी उतरवलेलं सगळं आता तास-दीड तासात वर चढवायचं. समोरच्या मीटरवर ५०च्या आसपास फ्रिक्वेन्सी, मागणीला वीज पुरेना की ती घसरते. ती ४९.८ झाली की खोलीतली बडबड बंद होते. सगळ्यांचे डोळे तिकडेच. लागेल तेवढी वीज त्या क्षणालाच तयार व्हावी लागते, राजेहो, डब्यात भरून ठेवता येत नाही.

आता देशाचं. २०२५ मध्ये स्थापित क्षमतेतला, म्हणजे उभ्या असलेल्या सगळ्या संचांच्या आणि पॅनेलांच्या मेगावॅटमधला, निम्मा वाटा सौर, पवन, पाणी, अणू अशा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला. बातमी खरी आहे. पण प्रत्यक्ष तयार होणारी युनिटं मोजा, चारातली जवळपास तीन अजून कोळशाची. पाटीवरचं आणि पानातलं वेगळं असतं.

गच्चीवाला:
काका, कोळशाची लय बाजू घेऊन राहिले तुम्ही. माझ्या घरावर ३ किलोवॅटचं सौर पॅनेल आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार अनुदान मिळालं. चांगल्या उन्हात रोज बारा युनिट. बिल जवळपास गेलंच. सगळ्यांनी लावा ना!

शिफ्ट_तिसरी:
लावा. मीही लावलंय. पण रात्री दोनला तुमचा कूलर कशावर चालतो? नेट मीटरवर दुपारी जमा करता, रात्री काढता. कागदावर शून्य येतं ते त्यामुळे. रात्रीचं युनिट तेव्हा कोणीतरी जाळूनच देतो.

मुठेकाठी:
पुण्यातून लिहितोय, शिव्या खायला तयार आहे. कोळसा उमरेड, सावनेर, वणीकडे आहे म्हणून केंद्रं तिथे आहेत. एवढा कोळसा रेल्वेनं इकडे आणण्यापेक्षा वीज तारेनं आणलेली परवडते, यात कट वगैरे काही नाही. आणि झळ फक्त तुम्हीच सोसली असं नका समजू. कोयनेची १९६० मेगावॅट जलविद्युत आहे, तिच्यासाठी गावंच्या गावं उठली.

संत्र्याची_फोड:
कोयनेच्या विस्थापितांबद्दल आदरच आहे. पण मग त्यांची आणि आमची तक्रार एकच झाली ना? वीज घेणारा वेगळा, सोसणारा वेगळा. तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात.

बाकी पाण्याच्या भरवशावर आम्ही राहूच शकत नाही. आमच्या पेंच नदीवरचं तोतलाडोह जलविद्युत केंद्र १६० मेगावॅटचं, त्यातलीही दोन तृतीयांश वीज मध्य प्रदेशाची.

उलटा_पंप:
सह्याद्रीतल्या घाटघर जलविद्युत केंद्राचं कोणीच बोलत नाही. २५० मेगावॅट, २००८ पासून. मागणी कमी असताना खालचं पाणी पंपानं वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. काकांना संध्याकाळी हवं ते हेच. कोळशाच्या संचाला थंड अवस्थेतून उठायला तासन्‌तास लागतात, पाण्याच्या टर्बाइनला काही मिनिटं. आणि दुपारची सौर वीज त्या पंपांना दिली तर राखेचा प्रश्नच नाही. नव्या दोन संचांचे पैसे तिकडे घाला.

शिफ्ट_तिसरी:
तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण वर एक आणि खाली एक असे दोन जलाशय लागतात, मध्ये मोठा उतार लागतो. तो मुख्यतः सह्याद्रीत आहे, आपल्याकडे फारसा नाही. तिथेही जंगल आहे, माणसं आहेत. उभं राहायला वर्षं जातात आणि मे दरवर्षी येतो.

माझी बाजू एवढीच. ६६०चे नवे आणायचे तर २१०चे जुने बंद करायची अट घाला. २१०चा संच युनिटमागे जास्त कोळसा खातो, म्हणजे राखही जास्त टाकतो.

गच्चीवाला:
हे पटलं.

संत्र्याची_फोड:
मला अर्धंच पटलं. नवे सुरू झाले, मागणी वाढली, की ‘एवढा उन्हाळा काढू’ म्हणून जुनेही चालू ठेवतील. काका, तुम्ही आत होता. जुना संच ठरलेल्या तारखेला बंद झालेला किती वेळा पाहिला?

शिफ्ट_तिसरी:
आमच्याकडे एकाला तीन वेळा निरोपाचे हार घातले. तिसऱ्यांदा गेला.