झेंडूची रोपं बुडाशी कोलमडताहेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. दसऱ्याला घरचा झेंडू हवा म्हणून जुलैच्या सुरुवातीला ट्रेमध्ये बी टाकलं. कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं. उगवलं छान, पण आता कोवळी रोपं मातीलगत बारीक, पाणचट होऊन आडवी पडताहेत. वरची पानं मात्र हिरवीगार! बाल्कनी पूर्वेची आहे, पण पुण्यात सध्या ऊन कुठलं, झड लागलीये. बुरशीच असणार ही.

ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) आत्ता ओतून उपयोग होतो, की पेरणीआधीच मिसळायचा असतो? उरलेली रोपं चार पानांवर येईपर्यंत थांबू, की लगेच पिशव्यांत हलवू? आणि पुन्हा पेरलं तर दसऱ्यापर्यंत फूल धरेल का? बी पाकिटातलं आहे, कलकत्ता झेंडूचं. गेल्या वर्षीच्या तोरणातलं नाही.